मधली सीट

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या! मराठी विभागाची संपादिका माझ्याच फ्लोअरवर राहते आणि रोज मेसच्या लाइनमध्ये "लेख कुठाय?" म्हणून गाठते, म्हणून हे धाडस.

विषय आहे गाडी. फेरारी-बिरारी नाही, आपली इनोव्हा. आमचं दोघींचं जन्मसाल एकच. ती भारतात आली २००५ मध्ये, आणि मीही. माझे पप्पा ती चालवतात. पिवळी नंबरप्लेट, सातारा ते मुंबई एअरपोर्ट, शिर्डी, अष्टविनायक... माझ्या शाळेची आणि इथलीही फी त्या पिवळ्या पाटीवरच भरली गेली.

फर्स्ट इयरला पप्पा मला हॉस्टेलवर सोडायला आले होते. गेटपाशी एका मुलीच्या वडिलांनी पिवळी पाटी बघितली आणि पप्पांना हाक मारली, "ड्रायव्हर, जरा ही ट्रंक वर पोचव." पप्पांनी मुकाट्याने ट्रंक उचलली. मी शेजारीच उभी होते. "ते माझे वडील आहेत." चारच शब्द होते. तेवढं मराठी मला नक्की येत होतं. पण मी बोलले नाही.

असो. यंदा थर्ड इयरला सेमिनारचा विषय मिळाला, 'बहुउपयोगी कौटुंबिक वाहनांचा विकास'. म्हटलं, घरचाच विषय! माहिती काढली. इनोव्हाची पणजी म्हणजे इंडोनेशियातली टोयोटा किजांग, १९७७ ची. किजांग म्हणजे तिकडचं एक हरीण. मुळात ती सामान वाहायची साधी, स्वस्त गाडी. माणसांची सोय नंतर झाली. तिच्याच पुढच्या पिढीवरून २००० मध्ये भारतात क्वालिस आली. चांगली खपत असतानाच ती बंद करून कंपनीने इनोव्हा आणली. मग २०१६ मध्ये क्रिस्टा, आणि २०२२ मध्ये हायक्रॉस. माल वाहणाऱ्या गाडीची पंचेचाळीस वर्षांत आलिशान गाडी झाली!

पण हे सगळं स्लाइडवर कोरडं वाटत होतं. म्हणून पप्पांना फोन लावला. पूर्वी ते मालकाची क्वालिस चालवायचे. म्हणाले, "क्वालिसला मागे पाटे होते गं. खंबाटकी उतरेपर्यंत मागच्या सीटवरची म्हातारी माणसं देवाचं नाव घ्यायची. इनोव्हाला कॉइल स्प्रिंग आल्या आणि ती झोपायला लागली." सस्पेन्शनवर एवढं सरळ आमच्या टेक्स्टबुकमध्ये नाही!

हायक्रॉसवर मात्र त्यांचा विश्वास बसेना. "चासी नाही म्हणतेस? मग वजन पेलणार कोण?" मी काडेपेटीचं उदाहरण दिलं. आतला ड्रॉवर नुसता पिळला तर वाकतो, कव्हरात घातला की वाकत नाही. तसं मोनोकॉकमध्ये सगळी बॉडी मिळून वजन पेलते. इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, त्यामुळे खालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट नाही आणि आत जागा मोकळी होते. जोडीला पेट्रोल-इलेक्ट्रिक हायब्रिड. वरच्या मॉडेलमध्ये मधल्या सीटला बटण दाबलं की पायाखाली आधार येतो.

"आपल्या गाडीची मधली सीट कशी आहे हो पप्पा, लांबच्या प्रवासाला?" मी सहज विचारलं.

"काय माहीत गं. मी कधी बसलो नाही."

गाडी सेकंडहँड घेतली त्याला बारा-तेरा वर्षं झाली. मला पुढचा प्रश्नच सुचेना.

त्याच रात्री युजी योकोया या टोयोटाच्या चीफ इंजिनिअरबद्दल वाचलं. २००४ च्या सिएना या कौटुंबिक गाडीचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते स्वतः जुनी सिएना घेऊन निघाले. अमेरिकेची पन्नासही राज्यं, कॅनडा, मेक्सिको, मिळून सुमारे ८५ हजार किलोमीटर! मिसिसिपी नदीच्या पुलावर आडव्या वाऱ्याने गाडी कशी ढकलली जाते, हे त्यांना तिथे कळलं. गाडी आईबाप विकत घेतात, पण मागच्या सीटांवर राज्य मुलांचं असतं, हेही. थोडक्यात, ज्याच्यासाठी गाडी करायची त्याच्या जागी जाऊन बसायचं. मी वीस वर्षांत पप्पांच्या जागी किती वेळा बसले होते?

दिवाळीत गावाला जाताना मी चावी घेतली. "आज मी चालवणार. तुम्ही मधे बसा." आई पुढे बसली. पप्पा मधे बसले खरे, पण आरशात बघते तर प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतोय! दहा मिनिटांनी म्हणाले, "सीट झकास आहे. पण इथनं रस्ता नीट दिसत नाही गं." आणि आईला उठवून पुढे आले.

सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर आभार मानताना पप्पांचं नाव होतं. सरांनी विचारलं, "हे कोण? कुठल्या कंपनीत असतात?"

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं. "ड्रायव्हर आहेत."

दोन वर्षं उशीर झाला, पण म्हटलं. ती ट्रंकवाली मुलगी दुसऱ्या ब्रँचची आहे, त्यामुळे सेमिनारला नव्हती. आता ती माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. ट्रंक कोणी उचलली होती, हे तिला हा लेख वाचल्यावरच कळेल.