दहाव्या लढतीनंतर फोन ठेवायचा



आज पाठ नाही, कृतिपत्रिका नाही. आज मोबाईल गेमवर लिहिणार आहे. नाक मुरडू नका, मीही आधी तेच केलं होतं.

आमच्या मनोरीत 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाबा घरी आणि बाबांचा फोनही घरी. शाळा जूनच्या मध्याला उघडते तेव्हा चौथीतली निम्मी मुलं जांभया देत येतात. त्यातला एक, त्याला आपण सागर म्हणू (नाव बदललंय), दुसऱ्या तासाला सरळ बाकावर डोकं ठेवून झोपला. संध्याकाळी त्याच्या आईचा व्हॉइस मेसेज आला, "टीचर, तुम्हीच सांगा त्याला, आमचं ऐकत नाय. रात्रभर तो पोकेमॉन चालू असतो."

मी रागावले. काही उपयोग झाला नाही. मग एका मधल्या सुट्टीत म्हटलं, दाखव तरी काय आहे ते.

गेमचं नाव पोकेरोग. पोकेमॉन आपल्या पिढीला नवीन नाही, कार्टून नेटवर्कवर बघितलाय. हा गेम चाहत्यांनी बनवलेला, ब्राउझरमध्ये चालणारा, फुकट. नावातलं 'रोग' म्हणजे आजार नव्हे बरं का. 1980 च्या सुमाराला 'रोग' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आला होता. त्यात मेलं की खेळ पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी वाट वेगळी. त्या पद्धतीच्या गेमना रोगलाइक म्हणतात. सापशिडीत अठ्ठ्याण्णववर साप गिळतो तसंच काहीसं, फक्त इथे फाशाबरोबर आपली निवडही असते.

यात एकामागून एक 200 लढती आहेत. दर दहावी लढत बॉसची. टीम जास्तीत जास्त सहा जणांची. सुरुवातीला निवडीसाठी 10 गुणांचं बजेट मिळतं. दांडगा गडी घेतला तर तो एकटाच बरंच बजेट खातो, किरकोळ घेतले तर चार-पाच मावतात. सगळे पडले की डाव संपला. पण वाटेत जे पकडले ते पुढच्या डावात निवडायला मिळतात.

मी घरी उघडून बघितला. गोड दिसणारे तीन निवडले. पंचविसाव्या लढतीत आपला प्रतिस्पर्धी परत भेटतो, त्याने मला धुतलं. सकाळी सागरला सांगितलं तर तो मोठ्या माणसासारखा हसला. "बाई, तुमी एकालाच लढवलंत ना? बाकीचे नुस्ते बघत होते."

बरोबर होतं त्याचं. जो लढतो त्याला अनुभवाचे गुण मिळतात, तो आणखी तगडा होतो, म्हणून आपण पुन्हा त्यालाच पाठवतो. खरं सांगायचं तर ही युक्ती बरीच पुढपर्यंत चालते. अडतं कधी, तर समोर असा बॉस येतो ज्याच्यावर त्याचा मारा लागूच होत नाही. मग मागे वळून बघावं तर पाच जण पाचव्या लढतीत होते तेवढेच राहिलेले.

मग त्याने मला बॉसचं गणित शिकवलं. तुमच्या घरी कोणी खेळत असेल तर कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पोकेमॉनचे 18 प्रकार आहेत. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. भारी असेल तर मार दुप्पट, हलका असेल तर निम्मा, काही जोड्यांत शून्य. समोरच्याचे दोन प्रकार असतील तर दुपटीची चौपट होते किंवा निम्म्याचा निम्मा. "निम्म्याचा निम्मा म्हणजे किती रे?" मी विचारलं. "पाव," एका क्षणात उत्तर. याच मुलाने चाचणीत एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन षष्ठांश लिहिलं होतं. मला वाटलं, सापडली किल्ली! फळ्यावर आग-पाणी काढून अपूर्णांक शिकवले. वर्ग खूश. पुढच्या चाचणीत सागरने परत दोन षष्ठांश लिहिलं. असो.

बॉसची आयुष्यपट्टी अखंड नसते, तिचे भाग पाडलेले असतात. एकच प्रचंड घाव घातला तरी तो बहुतेक वेळा त्या भागाच्या रेघेपाशी अडतो, वरचा जोर वाया. आणि एक भाग तुटला की बॉसची एखादी ताकद वाढते. म्हणून सागर म्हणतो, "सगळ्यात मोठा मारा पयला नाय मारायचा." आधी झोपवायचं, भाजायचं किंवा विष द्यायचं. एक विष असं आहे की पहिल्या फेरीला सोळावा भाग कमी करतं, दुसऱ्याला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन. आपण फक्त टिकून राहायचं.

दुसरी गोष्ट काटकसरीची. लढतींच्या मध्ये दुकान लागतं, औषधाच्या किमती पुढे पुढे वाढत जातात. पण बॉस हरला की सगळी टीम फुकटात ठणठणीत होते. म्हणून नवव्यापर्यंत हात आखडता, दहाव्याला असेल नसेल ते वापरायचं. मी नेमकं उलट करत होते. बॉससाठी म्हणून औषधं जपायची आणि ती तशीच ठेवून हरायचं.

हे सगळं बोलणं चालू असताना तो सहज म्हणाला, "बाई, तुमी वर्गात पन तसंच करता."

"कसं?"

त्याने तीन नावं घेतली. परिपाठ, स्वागतगीत, पाहुणे आले की उत्तरं द्यायला, विभागाची प्रश्नमंजुषा, सगळीकडे तीच तीन. "ती तिघं लेव्हल शंभर. आमी लेव्हल पाच."

मी चिडले. "फार बोलतोस, जा जागेवर," म्हटलं. तो गेला. पुढे दोन-तीन दिवस तो मधल्या सुट्टीत माझ्याकडे फिरकला नाही. घरी येऊन मी कार्यक्रमांची वही काढली आणि जूनपासूनची नावं मोजायला बसले. किती भरली ते इथे लिहीत नाही. तुमची वही तुम्हीही काढून बघा आणि मलाही सांगू नका.

त्याच आठवड्यात सागर वर्गात रडला. तीन आठवडे जपलेला डाव 200 व्या लढतीत गेला होता. शेवटचा बॉस एटर्नेटस. सागरची सगळी टीम विषावर उभी, गेंगार वगैरे. आणि एटर्नेटस स्वतःच विष प्रकारचा आणि ड्रॅगन प्रकारचा! त्याला विष चढतच नाही. ज्या युक्तीने एकोणीस बॉस पाडले ती विसाव्याला निकामी. त्यात त्याचा पहिला टप्पा संपला की तो अवाढव्य रूप घेतो आणि पट्टी पुन्हा भरते. रडणारच की पोरगं.

बाकीची मुलं हसत होती. मी हसू दिलं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं वही घेऊन बसलो. एटर्नेटसवर काय चालतं? जमीन, बर्फ, सायकिक, ड्रॅगन. आणि लीच सीड, म्हणजे जळवेसारखं चिकटणारं बी, फेरीला आठवा भाग शोषतं आणि आपल्याला देतं. ते बल्बासोरकडे असतं. "तो तर मी पयलाच काढून टाकला," सागर म्हणाला, "कमजोर वाटला."

आईशीही बोलले. पालकांसाठी ही गोष्ट महत्त्वाची. आपण "पाच मिनिटांत बंद कर" म्हणतो तेव्हा मूल बॉसच्या मध्यावर असू शकतं, म्हणून आकांत होतो. घड्याळाऐवजी लढतींची मर्यादा घाला. दहा लढती, बॉस झाला, की फोन आईकडे. डाव साठवलेला राहतो, काही जात नाही. यात पैसे भरावे लागत नाहीत, पण अंडी फोडायचं सोडतीसारखं यंत्र आहे, त्याची चटक लागू शकते, तिथे लक्ष असू द्या. आणि रात्री जेवणानंतर फोन नाही तो नाहीच. पहिला आठवडा भांडणात गेला, असं आई म्हणाली. आता वर्गात झोपत नाही.

प्रश्नमंजुषेच्या चौघांत या वेळी त्या तिघांतली एकच मुलगी घेतली. सागरला घेतलं. एका पालकांनी फोन करून विचारलं, "आमच्या मुलाचं काय चुकलं?" त्यांना काय सांगायचं ते मला नीट जमलं नाही. दुसऱ्या फेरीत आम्ही बाहेर पडलो. सागरने भरती-ओहोटीचा प्रश्न बरोबर सोडवला आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा चुकवला. तिघं आले असते तर कदाचित पुढे गेलो असतो. मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

परत येताना मार्वे जेट्टीवर बोटीची वाट बघत उभे होतो. चौघं हरल्याचं विसरून काहीतरी जोरजोरात बोलत होती. सागर जवळ आला. "बाई, नव्या डावात बल्बासोर घेतलाय. तुमी कितव्यावर?"

"चाळीस," मी म्हटलं.

"टीम दाखवा," तो म्हणाला, आणि माझ्या फोनसाठी हात पुढे केला.