माझा हात, त्यांचा कागद

2020च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या. एप्रिलचा शेवटचा आठवडा, बाहेर टाळेबंदी. सेहरी झाली, फजरची नमाज घरातच पढून झाली, की पुढे आख्खा दिवस रिकामा. शाळा बंद असल्यामुळे चित्रकलेच्या मास्तरला कुणी विचारत नव्हतं. अशाच एका सकाळी कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. त्यातली एक फाडली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खिडकीतली सुरई काढली. दुसऱ्या दिवशी दुसरी पत्रिका. ईद आली आणि गेली, तरी सवय राहिली. मधले काही दिवस चुकले, तापात आणि अब्बांच्या मयतीच्या आठवड्यात. तरी आज त्या डब्यांमध्ये अठराशेच्या वर चित्रं आहेत. बहुतेक सामान्य आहेत, काही तर वाईटच. विकण्याजोगी मोजून वीस निघतील.

लोक विचारतात, रोज काढून काय मिळतं? पहिलं उत्तर असं, की आपल्याला काय येत नाही ते रोज कळतं. वीस-बावीस वर्षं मी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी तयार करत होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. विषय ठरलेले, वेळ ठरलेली, रंगही जवळजवळ ठरलेले, म्हणजे पोस्टर कलर. त्या रंगात चूक झाली तर वाळू द्यायचं आणि वरून दुसरा हात मारायचा. खालचं झाकून जातं. मी इतकी वर्षं झाकणारा रंग शिकवला, त्यामुळे जलरंगाची मला भीतीच वाटायची. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. तो सोडायला आधी शिकावं लागतं. एकदा गेला की परत येत नाही. त्यातून लग्नपत्रिकेचा कागद गुळगुळीत. पाणी शोषत नाही, रंग त्यावर थेंबाथेंबाने उभा राहतो. पहिले दोन महिने मी नुसती डबकी रंगवली.

त्याच जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. आमच्यापासून लोणार काही लांब नाही, पण तेव्हा घराबाहेर पडायची सोय नव्हती. फोनवर फोटो पाहून मी सात दिवस तोच गुलाबी शोधत बसलो. लाल पातळ केला, किरमिजी पातळ केला, पांढरा मिसळून पाहिला. कधी मिठाईच्या खोक्याचा रंग यायचा, कधी सलूनच्या भिंतीचा. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. नमुन्याचं पाणी काही वेळ स्थिर ठेवलं तर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ झालं. हे वाचलं आणि हसू आलं. माझ्या ब्रश धुवायच्या पेल्यात रोज हेच होतं. रंग पाण्याला लागलेला नसतो. त्याचे कण पाण्यात तरंगत असतात आणि रात्रभरात खाली बसतात. मग मी रंग मिसळायचं सोडलं. कागद भरपूर ओला केला, लाल कण त्यात सोडले आणि पत्रिका तिरपी धरली. आठव्या दिवशीचं लोणार बरं निघालं.

तिथून माध्यमांचा नाद लागला. गेरू किराणा दुकानात मिळतो. तो वस्त्रगाळ करायचा, बाभळीचा डिंक रात्री भिजत घालायचा, दोन्ही एकत्र खलायचं. वाळल्यावर तडकू नये म्हणून दोन थेंब मध. घरचा जलरंग तयार. आपल्या काळ्या मातीचा रंग करायला गेलो, तर कागदावर मे महिन्यातलं शेत उगवलं, भेगाच भेगा. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी माती ती, कागदावर तरी का वेगळी वागेल? चहाच्या पाण्याने जुन्या वाड्यांच्या भिंती छान निघतात, पण दिवसागणिक फिकट होत जातात. हळद तर उन्हात ठेवली की पाहता पाहता उडते. तैलरंगाची मला लहानपणापासून भीती होती, श्रीमंतांचं काम म्हणून. नंतर कळलं, की त्यातलं तेल जवसाचं. ज्या जवसाची चटणी आमच्या घरात भाकरीवर असते त्याच जवसाचं. भीती अर्धी तिथेच गेली.

हे सगळं मी शोधून काढलं असं वाटून घेत होतो, तेवढ्यात अजिंठ्याला जाणं झालं. अजिंठा आमच्या जिल्ह्याला लागून. लहानपणापासून चार-पाच वेळा पाहिलेला, पण या खेपेला चित्रांपेक्षा भिंती पाहिल्या. मातीत भाताचं तूस आणि झाडपाल्याचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. पिवळी माती, गेरू, दिव्याची काजळी, पांढरी माती, आणि हिरवा तर याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारा. परका रंग एकच. निळा, लाजवर्दीचा, अफगाणिस्तानकडून आलेला. बाकी सगळं पायाखालचं. शिवाय हे काम ओल्या चुन्यावर केलेलं नाही. कोरड्या गिलाव्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी केलेलं आहे. म्हणजे माझा डिंक आणि गेरू काही नवा नव्हता.

अजिंठ्याच्या नकला करणाऱ्यांची गोष्ट मी प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. मेजर रॉबर्ट गिल 1844पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला करत राहिला. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या, आणि 1866च्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. 1872 ते 1885. त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच आगीत जळाल्या. 1909 ते 1911च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्यासोबत बंगालकडून नंदलाल बोस, असितकुमार हलदर ही मंडळी होती, आणि हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे सय्यद अहमद तिथलेच क्युरेटर झाले. मुलं या गोष्टीत आगीपाशी थांबतात. "मग त्यांनी परत काढली?" होय, परत काढली. मी थांबतो ते सय्यद अहमदांपाशी. कंदिलाच्या उजेडात बोधिसत्त्वाच्या पापणीची रेघ जशीच्या तशी उतरवून घेणारा हा माणूस. त्यात स्वतःची एकही रेघ घालायची नाही, हीच त्याच्या कामाची अट.

चेहऱ्याचा प्रश्न आमच्याकडे येतोच, तो टाळून पुढे जाणार नाही. माझी अम्मी ज्या खोलीत नमाज पढायची तिथे माझं एकही चित्र लावू दिलं नाही. बाहेरच्या खोलीत मात्र माझी शेतं आणि विहिरी ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. एका कार्यशाळेत एका मुलीच्या आईने मला बाजूला घेतलं. "सर, जानदार की तस्वीर मत बनवाना इससे." मी वाद घातला नाही. वर्गातल्या त्या मुलीच्या वयाला माझ्या वादाचा उपयोग नव्हता. तिला वर्तुळं आणि कंपास दिला. दोन तासांत तिने आठ पाकळ्यांची जाळी अशी उभी केली, की बाकीची मुलं आपापली माणसं आणि बैल सोडून तिच्याभोवती जमली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

माझे अब्बा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही अक्षरं त्यांच्या हातात. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. दहा वर्षांचा असल्यापासून सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो. ते दोरीला खडू फासून फळीवर ओळी मारायचे, अक्षरांच्या कडा काढायचे आणि आतलं भरायला मला द्यायचे. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका श्वासात, ती त्यांचीच. माझा ब्रश कडेबाहेर गेला तर ते पाहायचे, पण माझ्या हातातून ब्रश कधी घेतला नाही. फक्त म्हणायचे, "होऊ दे. अगला हरूफ देख." गावात अजून एक-दोन जुन्या फळ्या आहेत, त्यांवर माझं दहा वर्षांचं वय कडेबाहेर गेलेलं दिसतं.

मी शिक्षक झालो आणि याच्या नेमकं उलट केलं. परीक्षेला मुलं बसवायची, ग्रेड आणायच्या, दहावीला जादा गुण मिळवून द्यायचे. पालक खूश, शाळा खूश. मुलाचं चित्र चुकलं की मी त्याच्या बाकावर बसायचो, ब्रश घ्यायचो आणि दहा मिनिटांत सावली, उजेड, लंबवर्तुळ सगळं जागेवर आणायचो. मुलं डोळे मोठे करून पाहायची. ते मला आवडायचं, हे आज कबूल करतो.

त्यात एक मुलगा होता. बोलायला कमी, बसायला मागच्या बाकावर. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी त्याने कंदील काढला होता. मी तो 'नीट' केला. काचेवर उजेड आणला, तळाचं लंबवर्तुळ बसवलं, मागची भिंत गडद केली. चित्र दर्शनी भागात लागलं, खाली त्याचं नाव. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर त्याने मला एकही चित्र दाखवलं नाही. इंटरमिजिएटला बसला नाही. मी विचारलं तर म्हणाला, वेळ नाही सर. मीही पुढच्या मुलाकडे वळलो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या कार्यशाळेला एक माणूस मोटरसायकलवर मुलीला सोडायला आला. मी ओळखलं नाही, त्याने ओळख दिली. घरचं विचारून झालं, चहा झाला. निघताना चावी फिरवता फिरवता, अगदी सहज आवाजात, तो म्हणाला, "सर, एक विनंती आहे. तिच्या चित्राला हात लावू नका." मी म्हटलं, "का रे?" तो म्हणाला, "तो कंदील माझा नव्हता ना, सर. सगळे मला शाबासकी देत होते, आणि मला घरी जावंसं वाटत होतं." नमस्कार करून गेला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी वर्गात मी हात मागे बांधून फिरलो. तेव्हापासून तो नियम आहे. मुलाच्या कागदाला माझा हात लागायचा नाही. दाखवायचं असेल तर माझा वेगळा कागद, तोही दाखवून झाला की बाजूला. नियम साधा वाटतो, पण पाळताना बोटं शिवशिवतात. डोळ्यांसमोर घर कलंडलेलं असतं, एका रेघेत सरळ होणार असतं. आपण विचारायचं, "तुला हे घर कुठून दिसतंय?" आणि थांबायचं. कधी मूल खोडून परत काढतं. कधी म्हणतं, "ते पडकंच आहे सर, आमच्या गल्लीतलं." म्हणजे चूक माझ्या डोळ्यात होती.

आता कार्यशाळेचे तीन दिवस असे असतात. पहिल्या दिवशी पेन्सिल, आपली चप्पल समोर ठेवायची आणि कागदाकडे न पाहता काढायची. सगळ्यांचीच वेडीवाकडी येते, त्यामुळे हुशार आणि ढ हा भेद पहिल्या तासातच मिटतो. दुसऱ्या दिवशी एकच रंग, गेरू. पातळ, घट्ट, कोरडा. तिसऱ्या दिवशी हळद. पिवळं चित्र पूर्ण झालं की पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून ब्रशने लावायचा. हळद लाल होते. वर्गात आरडाओरडा होतो, तो मी होऊ देतो. ही चित्रं टिकणार नाहीत हेही सांगतो. टिकवायची असतील तर परत काढा, गिलसाहेबासारखी.

त्या मुलीने हळदीत बैलगाडी काढली होती. चाकं दोन्ही एकाच बाजूला. बापाने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, घडी न करता शर्टाच्या आत सरकवला आणि गाडी सुरू केली.

त्या रात्री मी रोजचं चित्र काढायला बसलो. ठरवलं, की त्याचा तो कंदील काढायचा, मी हात लावायच्या आधीचा. पेन्सिलने पाहिला, गेरूने पाहिला, पुढच्या आठवड्यात चहाच्या पाण्यानेही पाहिला. दर वेळी काच चमकते, तळ बरोबर बसतो, मागची भिंत गडद होते. माझ्या हाताला फक्त माझी दुरुस्ती पाठ आहे. त्याने तो कसा काढला होता ते मला आठवत नाही. कारण मी तो पाहिलाच नव्हता.

तो कंदील डब्यात सतरा वेळा आहे. उद्या अठरावा काढेन, नाहीतर सुरई काढेन. पत्रिका अजून पुष्कळ शिल्लक आहेत, आणि आमच्या गल्लीत लग्नं काही थांबलेली नाहीत.