मग ताईंनी करायचं काय?

माँटेसरी पद्धतीच्या बालवाडीत रुजू झाले आणि पहिल्या आठवड्यात मला एकच काम मिळालं. कोपऱ्यात बसायचं, वही उघडायची आणि दिसेल ते लिहायचं. मुलांना हाका मारायच्या नाहीत, शाबासकी द्यायची नाही, कुणाचं चुकत असलं तरी हात पुढे करायचा नाही. डी.एड.ला पाठ टाचण काढून, फळ्यावर तारीख घालून तास सुरू करायला मी शिकले होते. इथे तास नव्हता, ताईंचं टेबलही नव्हतं. कुणी चटई पसरून गुलाबी मनोरा रचत होतं, कुणी एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत होतं, एकजण नुसताच फिरत होता. काय करायचं ते मुलंच ठरवणार, तर मी इथे कशाला, हे मला खरोखर कळत नव्हतं.

उत्तराचा पहिला तुकडा दट्ट्यांच्या पेटीपाशी मिळाला. लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत नेमके बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला धरायला बारीकशी मूठ. साडेतीन वर्षांची एक मुलगी ते बसवत होती. एक बारीक दट्ट्या तिने मोठ्या खळग्यात टाकला होता, त्यामुळे शेवटी हातात जाड दट्ट्या उरला आणि समोर अरुंद खळगा. तिने तो दाबून पाहिला, फिरवून पाहिला. माझ्या जिभेवर ‘अगं, तो नाही’ आलंच होतं. वर्ग सांभाळणाऱ्या मोठ्या ताईंनी लांबूनच ‘नको’ म्हणून मान हलवली. मुलगी थोडा वेळ बसून राहिली, मग खळग्यांच्या कडांवरून बोट फिरवू लागली. सैल बसलेला दट्ट्या तिला सापडला. सगळे बसले, तशी तिने ते पुन्हा बाहेर काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वर मान करून कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

चूक दाखवायचं काम ती पेटीच करते. मारिया माँटेसरींनी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली बालघर सुरू केलं. अशाच दट्ट्यांशी रमलेल्या एका लहान मुलीबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय. इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून ठेवलं, तरी ती थांबली नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केलं. मधेच कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तर तिचं लक्ष दट्ट्यांवरून टाळ्यांकडे गेलं असतं, असं मला आता वाटतं.

पण गप्प राहणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे त्या फिरणाऱ्या मुलामुळे समजलं. माझ्या वहीत त्याच्यापुढे रोज ‘फिरतोय’ एवढंच असायचं. मोठ्या ताई म्हणाल्या, “फिरतोय हे मलाही दिसतं. थांबतो कुठे, ते लिही.” मग दिसायला लागलं. कुणी रुमाल धुवायला बसलं, की तो तिथे रेंगाळायचा. फेस पाहायचा आणि पुढे जायचा. ताईंनी एक दिवस धुण्याचं सगळं साहित्य मांडलं आणि त्याला म्हणाल्या, “ये, तुला दाखवते.” न बोलता, अगदी सावकाश, एकेक कृती वेगळी दिसेल अशी त्यांनी ती करून दाखवली आणि उठल्या. तो रुमाल पिळत बसला तो सुट्टी होईपर्यंत.

या एका निमंत्रणामागे किती तयारी असते! मुलं येण्याआधी प्रत्येक तबक तपासायचं, भांड्यात पाणी त्या हातांना पेलेल इतकंच भरायचं. वर्गात प्रत्येक साधन एकेकच असतं, म्हणजे हवं असलेलं दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबणं आपोआप येतं. आणि लाल दांडा कुणी काठीसारखा फिरवला, तर त्याच क्षणी उठून तो हातातून काढून घ्यायचा. कामात असलेल्याला अडवायचं नाही, दुसऱ्याचं काम मोडणाऱ्याला थांबवायचं. दोन्ही वेळा ओळखायची नजर ताईंकडेच हवी.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही पद्धत फार पुढे नेली. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे घेतले. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. मूल जिकडे नेईल तिकडे त्याच्या मागे जाणं म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. उलट आज काही वर्गांत फरशीभर आकडे रंगवलेले असतात आणि कोणत्या आकड्यावर कुणी उडी मारायची, हे बाईच ओरडून सांगतात. तिथे फक्त फळा जमिनीवर आला आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. बालवाडी निवडायला जाल, तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि खेळण्यांची कपाटं पाहून परत फिरू नका. तासभर कोपऱ्यात बसायची परवानगी मागा आणि ताईंकडे पाहा. त्या किती बोलतात यापेक्षा कुणाकडे किती वेळ पाहतात, ते बघा. असं पाहायला सवड हवी, म्हणून एका ताईंकडे किती मुलं आहेत, तेही जरूर विचारा.