फिल्म झाल्यानंतरचं काम

अहिल्यानगर

चि. बाळ,


लोककलेवर माहितीपट करत आयुष्य काढता येतं का, असं तू विचारलंस. सावित्री मेधातुल यांचं काम सांगतो. निम्मं उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे तमाशा म्हटलं की जत्रा, तंबू, ट्रक आणि वग आठवतो. तो ढोलकी फड. संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकरांनी उभी हयात त्या फडात काढली. तमाशाचा दुसरा प्रकार संगीत बारी, तिचा संसार वेगळा. ती थिएटरात, म्हणजे कला केंद्रात मुक्कामाला असते. पुण्याचं आर्यभूषण, दौंडकडचं चौफुला, सोलापूरकडचं मोडनिंब आणि आपल्या जिल्ह्यातलं जामखेड ही तिची ठिकाणं. पार्टीची मालकीण बाईच. तिच्या हाताखाली नाचणाऱ्या, गाणाऱ्या, पेटी-तबला-ढोलकीवाले. स्टेजवर पार्ट्या पाळीपाळीने येतात, मग खोलीत खासगी बैठक बसते. फर्माईश आणि दौलतजादा तिथली. यातल्या पुष्कळ कलावंत कोल्हाटी समाजातल्या. नाचणारीने लग्न करायचं नाही आणि तिच्या कमाईवर आई-भावांचं घर चालायचं, ही तिथली जुनी रीत.

अशा ठिकाणी कॅमेरा नेणं अवघड. टक लावून बघणाऱ्यांची तिथे वाण नसते, आणि कॅमेरा त्यांच्यातलाच एक होऊन बसू शकतो. शिवाय गावी या कलावंतांची मुलं शाळेत शिकत असतात. आईचा चेहरा कुठे दिसावा आणि कुठे नाही, हे ठरवायचा हक्क आईचा.

मेधातुल यांनी या कलावंतांवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. या शोधात भूषण कोरगावकर त्यांच्यासोबत होते. फिल्म झाली म्हणून दोघांनी गाशा गुंडाळला नाही, आणि मला त्यांचं मोल वाटतं ते यासाठी. कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 साली राजहंस प्रकाशनाने काढलं. पाठोपाठ त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम आला. लेखन कोरगावकरांचं, दिग्दर्शन मेधातुल यांचं. हे दोघे गोष्टी सांगतात, आणि शकुंतलाबाई नगरकर, पुष्पा सातारकर यांच्यासारख्या कलावंत लावणी सादर करतात. त्यात बैठकीची लावणीही असते: बसल्या जागी, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी एकाच ओळीचे निरनिराळे अर्थ उलगडणारी. तिकीट काढून आलेल्या बायका पुरुषांच्या शेजारी बसून ती बघतात, दाद देतात. कला केंद्रात समोर बसलेले बहुतेक पुरुषच. पडद्यावर जिची गोष्ट सांगितली गेली, ती कलावंत इथे स्वतः समोर उभी राहते. एखाद्या पुरस्कारापेक्षा मला ही कमाई मोठी वाटते.

माहितीपटकार आनंद पटवर्धनांनीही फिल्मनंतर गाशा गुंडाळला नाही. ‘हमारा शहर’ (1985) या त्यांच्या फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गायले. 11 जुलै 1997 रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली, आणि काही दिवसांतच घोगऱ्यांनी आत्महत्या केली. आपल्या फिल्ममध्ये गायलेल्या माणसाच्या मृत्यूपासून पटवर्धनांनी पुन्हा सुरुवात केली. भीमगीतं, जलसे, वस्त्या, मोर्चे टिपत चौदा वर्षं गेली. ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 साली पुरी झाली. त्यातल्या कबीर कला मंचाच्या कलाकारांवर पुढे खटले भरले गेले, तेव्हा त्यांच्या बचाव समितीत पटवर्धन होते.

पैशाचं खरं सांगायचं तर माहितीपट एकटा घर चालवत नाही. जोडीला शिकवणं, संकलन, दुसऱ्यांच्या फिल्म, नाटक हे धरूनच चालावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही. तुझ्या नगरच्या न्यू आर्ट्‌स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म केली, ती काही भांडवल हाताशी होतं म्हणून नव्हे.

तू जामखेडला जा. पहिल्या फेरीला कॅमेरा रूमवरच राहू दे. आधी मालकिणीला भेट, काय हवंय ते सरळ सांग आणि मानधनाचंही तेव्हाच बोलून घे. त्यांची संध्याकाळ हीच त्यांची रोजी आहे. ढोलकीवाल्याशी आणि पेटीवाल्याशी बोल, त्यांना कुणी विचारत नाही. फिल्म एडिट झाली की पहिला खेळ त्यांच्याच थिएटरात, दुपारच्या मोकळ्या वेळात लाव. त्या जे काढायला सांगतील ते काढ. पुण्या-मुंबईचे महोत्सव त्यानंतर.

तुझा,
मामा