मनातला खटला

गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयात रविवारच्या उपासनेला बसलेलो असतो. ओठांवर पापकबुलीची प्रार्थना असते आणि मनात मात्र थोरल्या भावाशी वाद चालू असतो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून झालेल्या त्या भांडणाला सात वर्षे लोटली. कागदांवर सह्या झाल्या, येणेजाणेही सुरू झाले. पण मनातल्या कचेरीत तो खटला रोज उभा राहतो. फिर्यादी मीच, वकील मीच, न्यायाधीशही मीच. निकाल अर्थातच दर वेळी माझ्या बाजूने लागतो.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रत्येक विचाराला बंदिवान करून ख्रिस्ताच्या अधीन करण्याची भाषा आहे. तरुणपणी मी तिचा अर्थ पहारा असा घेतला. वाईट विचार आला की दडपायचा, दडपता आला नाही की स्वतःला दोषी ठरवायचे. त्याने मन शुद्ध झाले नाही, भित्रे मात्र झाले. साधी शंकासुद्धा पाप वाटू लागली.

त्या भीतीतून मला सोडवले ते नीळकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्राने. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पुढे, पुण्यात पंचहौद येथे काम केलेल्या काउली फादरांच्या संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून राहिले. अखेरची व्रते मात्र त्यांनी घेतली नाहीत. शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. तरीही पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेकडे नेण्यात त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. मला वाटते, ज्याने स्वतःच्या शंका दडवल्या नाहीत, त्यालाच दुसऱ्याच्या शंकेशी प्रामाणिकपणे बोलता आले.

तेव्हा शंका आणि आकस यांना एकाच कोठडीत डांबणे ही माझी चूक होती. शंका प्रश्न विचारते. आकसाजवळ उत्तर आधीच तयार असते, त्याला साक्षीपुरावा नकोच असतो.

मग आकसाचे करायचे काय? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रिअस या साधूने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. क्रोध त्यांतलाच एक. त्याचे म्हणणे असे की, विचार मनात येणे आपल्या हाती नाही, त्याला रेंगाळू द्यायचे की नाही हे मात्र आहे. प्रत्येक विचाराला शास्त्रवचनाने उत्तर द्यावे, असे तो सांगे. मनाशी बोलण्याची ही रीत मराठी माणसाला परकी नाही. रामदासांनीही २०५ श्लोकांत मनाला समजावलेच आहे.

हल्ली खटला उभा राहिला की मी दादासाठी नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि एका साक्षीदाराला बोलावतो. वडिलांच्या अखेरच्या आजारपणात रात्रीची जागरणे दादांनी केली होती. मी दिवसा येऊन, तासभर बसून परत जात असे. सात वर्षे ही साक्ष मी नोंदवूनच घेतली नव्हती.

खटला अजून निघालेला नाही. पण निकाल माझ्या बाजूने देताना आता हात अडखळतो. हे दादांना सांगायचे राहिले आहे. मनाची शिस्त बहुधा तिथून पुढे सुरू होत असावी.