कसं जमवलंत?

आमच्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत एक फॉर्म भरून घेतात. झोप, भूक, औषधं, घरात कोण कोण, त्रास कधीपासून. खाली एक रकाना असतो, 'तुमच्या जमेच्या बाजू'. त्रासाच्या रकान्यात माणसं समासापर्यंत लिहितात, जागा संपली की कागद उलटून मागे लिहितात. हा रकाना मात्र कोरा, फार तर एक आडवी रेघ. नवल नाही. स्वतःचे गुण स्वतः सांगायची वेळ आपल्याकडे दोनदाच येते, नोकरीच्या मुलाखतीत आणि लग्नाच्या बायोडेटात, आणि दोन्हीकडे काय लिहायचं ते ठरलेलं. मेहनती, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. एरवी कुणी आपल्याबद्दल बरं बोललं की 'कसलं काय' म्हणून झटकायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

म्हणून मी गुण विचारत नाही. काम विचारते.

पन्नाशीला आलेल्या एक बाई होत्या. (इथल्या सगळ्यांचे तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, मध्यरात्री जाग. हृदयाच्या तपासण्या करून झालेल्या, त्यात काही निघालं नव्हतं. दीर घराच्या कागदांवर सही मागत होता आणि त्याच्यापुढे यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. 'मला कुणाशी बोलताच येत नाही हो.' ओघात कळलं की त्या आळीतल्या बायकांची भिशी चालवतात. म्हटलं, हप्ता थकवणारी एखादी असेलच? 'असते की.' मग काय करता?

'चारचौघींत मागायचं नाही. तिचा नवरा कामावर गेला की जायचं. आधी पोरांची चौकशी. चहाला नाही म्हणायचं नाही. चहा होईतो बहुतेक तीच विषय काढते. नाहीच काढला तर आपण वही उघडून बसायचं, बोलायचं काही नाही. आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही.'

अशा वेळी शाबासकीचा मोह आवरावा लागतो. 'बघा, किती धीट आहात तुम्ही!' म्हटलं की संपलं. मी धीट म्हणणार, त्या 'छे हो' म्हणणार, आणि तास त्या वादात जाणार. पद्धत मात्र त्यांना नाकारता येत नाही, कारण ती त्यांनीच सांगितलेली असते. मी त्यांचे शब्द लिहून घेतले, जसेच्या तसे वाचून दाखवले आणि विचारलं, यातलं दिरापुढे काय चालेल? बराच विचार करून म्हणाल्या, 'वही.' आणि मग, 'जाऊबाई घरात नसताना.' 'वकिलांना दाखवल्याशिवाय सही करणार नाही', एवढं एक वाक्य त्यांनी वहीत लिहून नेलं आणि दिरासमोर वही उघडून वाचलं. धडधड त्यामुळे लगेच थांबली नाही. सही मात्र झाली नाही.

हे 'कसं' विचारणं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात स्टीव्ह डी शेझर आणि मूळच्या कोरियाच्या इन्सू किम बर्ग यांनी 1978 मध्ये एक छोटं केंद्र काढलं. समस्या कधी नसते, कधी कमी असते आणि तेव्हा माणूस वेगळं काय करतो, हे ते चिवटपणे विचारत. अशा वेळांना त्यांनी अपवाद म्हटलं. आपल्याकडे असे अपवाद पंचांगातच छापून येतात. रोज पिणारा माणूस 'मला सोडणं शक्यच नाही' म्हणतो आणि दरवर्षी श्रावण पाळतो. अशा एका गृहस्थांना विचारलं, श्रावणात संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे असता? कळलं की त्या महिन्यात ते स्टँडवरून दुसऱ्या रस्त्यानं घरी येतात, पगार बायकोच्या हाती देतात आणि देवळात पोथी ऐकायला बसतात. श्रद्धा आहेच, पण श्रद्धेच्या जोडीला अशी चोख व्यवस्थाही असते, आणि ती भाद्रपदातही चालू ठेवता येते. एक सांगायलाच हवं: ज्याचे हात सकाळी प्यायल्याशिवाय थरथरतात, त्यानं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात. तिथे आधी औषध, मग माझे प्रश्न.

शक्तिस्थानांची यादी करणारेही आहेत. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांनी 2004 मध्ये 24 गुणांचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यावर बेतलेली प्रश्नावली इंटरनेटवर फुकट भरता येते. आयटीतली मुलं तिचं प्रिंटआउट घेऊनच येतात. मला त्याचा उपयोग होतो, पण उलट बाजूनं. पहिल्या क्रमांकावर 'प्रामाणिकपणा' आलेला मुलगा बहुतेक वेळा ऑफिसातल्या मीटिंगमध्ये साहेबाला सर्वांसमक्ष चूक दाखवून आलेला असतो. गुण कमी नसतो, त्याला वेळकाळ नसतो. त्याच्याशी बोलायचं ते त्या वेळकाळाबद्दल.

मारहाण सोसणाऱ्या बाईसमोर मात्र हे सगळं फार जपून वापरावं लागतं. 'तुमच्यात केवढी सहनशक्ती आहे' हे वाक्य माझ्या मते आमच्या धंद्यातलं सर्वांत घातक वाक्य आहे. सासर, माहेर, शेजार तिला तेच सांगत आलेले असतात. त्यात आमची भर कशाला? कॅनडातले थेरपिस्ट ॲलन वेड यांनी 1997 च्या एका लेखात मांडलंय की ज्याच्यावर अत्याचार होतो तो नुसता सोसत नसतो. काही ना काही प्रतिकार करतच असतो, बहुधा लपूनछपून, कारण उघड केला तर जिवावर बेतेल. तो लेख वाचल्यापासून मी 'किती सोसलंत' म्हणत नाही. 'तेव्हा तुम्ही काय केलंत?' असं विचारते.

एकीनं आधी 'काहीच नाही' म्हटलं. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. नवरा जिना चढताना पावलांच्या आवाजावरून तिला अंदाज येतो. तसं वाटलं की ती मुलांना शेजारच्या काकूंकडे टीव्ही बघायला पाठवते. मुलांचे जन्मदाखले, आधार आणि स्वतःचं पासबुक पिठाच्या डब्यात तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल मी सांगायला घेणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते तिनं रेशनच्या रांगेत एकीकडून काढून घेतलंय. फक्त तिथे जायला कामावरून अर्धा दिवस सुटी कशी मागायची, ते कळत नाही. उरलेला वेळ आम्ही सुटीचं कारण काय सांगायचं यावर घालवला. मी सुचवलेली दोन कारणं तिनं नाकारली. नवरा फोन करून खात्री करतो, म्हणाली. दाढदुखी बरी, कारण दवाखान्यात फोन बंद ठेवायला सांगतात.