फुलीचं घर

ती. मावशीस,

फोनवर तू विषय बदलतेस म्हणून हे पत्र. मी 'फ्लूची लस' म्हटलं रे म्हटलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारात कुणीतरी येऊन उभं राहतं. पत्राला शिट्टी ऐकू जात नाही. तेव्हा चष्मा लाव आणि काकांनाही मोठ्यानं वाचून दाखव, कारण यातलं बरंचसं त्यांच्यासाठीही आहे.

परवा काय म्हणालीस? "सर्दी-पडशाला कसली गं लस? गवती चहा आणि आलं टाकून काढा घेतला की तिसऱ्या दिवशी माणूस उठतो." हे तू बोलावंस? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण जिनं तीस-पस्तीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर निळा डबा खांद्याला लावून लसी पोचवल्या, ती असं बोलायला लागली तर आम्ही कुणाकडे बघायचं?

मानमोडीची गोष्ट मला तूच सांगितलीस ना? १९१८ सालची. मुंबईच्या बंदरातून साथ आली, पावसाळा सरता सरता भयंकर झाली आणि देशभरात कोटीच्या वर माणसं घेऊन गेली. तुझ्या आजीची दोन भावंडं एकाच आठवड्यात गेली म्हणून घरात कितीतरी वर्षं दिवाळी नव्हती. ती मानमोडी म्हणजे हाच फ्लू गं. काढा तेव्हाही होता.

एवढं मागे नको जाऊस. २००९ चा ऑगस्ट तर तू स्वतः पाहिलास. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही शाळकरी मुलीचा, आणि शहराची झोप उडाली. शाळा बंद, मास्क मिळेनात, माणसं रुमाल बांधून नायडू हॉस्पिटलच्या रांगेत उभी. तू रोज रात्री फोन करून मला झापायचीस, "बाहेर पडू नकोस, हात धू, ताप आला तर अंगावर काढू नकोस." पुढच्या वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लस आली तेव्हा तुझ्या सोबतच्या कितीजणी कां कूं करत होत्या. तू दंड पुढे केलास. त्याचंच आता भांडवल करतेस, "घेतलीय की मी, २०१० साली!"

मावशी, २०१० ची लस आज काय कामाची? हा विषाणू एका रूपात राहतच नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ मंडळी वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी, आणि पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवतात. तू घेतलीस ती २००९ च्या कॅलिफोर्नियातल्या विषाणूवर बेतलेली होती. त्याची जागा पुढे मिशिगनच्या विषाणूनं घेतली, मग ब्रिस्बेनच्या, मग व्हिक्टोरियाच्या. शिवाय लशीचा जोर काही महिन्यांत ओसरतो. म्हणून दरवर्षी. आणि "करोनाच्या घेतल्यात की सगळ्या" हेही चालायचं नाही. तो विषाणू वेगळा, हा वेगळा. काविळीची लस घेऊन धनुर्वाताची टाळणारी बाई तू उपकेंद्राच्या पायरीवरून अशी जाऊ दिली असतीस का?

आता खरं बोलते. तू तिशीत असतीस तर मी इतकी मागे लागले नसते. पण तुझी साखर गेली कित्येक वर्षं गोळ्यांवर आहे आणि दिवाळीपासून हृदयात स्टेंट आहे. साखरवाल्या माणसाला ताप आला की साखर भडकते, आणि साखर भडकली की अंगातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, हे चक्र तूच गावातल्या बायकांना समजावून सांगायचीस. हृदयाचं मात्र मलाही अलीकडेच कळलं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, २०१८ साली ते छापून आलं. ज्यांना तपासणीत फ्लू निघाला, त्यांना पुढच्या सात दिवसांत हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण त्यांच्याच एरवीच्या दिवसांपेक्षा सुमारे सहापट होतं. सहापट! फुप्फुसातल्या संसर्गानं सगळ्या अंगात दाह होतो, रक्त गोठायला बघतं, हृदय धावायला लागतं, आणि रक्तवाहिनीत आधीच अडगळ असली की ते निमित्त पुरतं. आपण म्हणतो, "साधा ताप होता, मग अचानक अटॅक आला." ते अचानक नसतं बहुतेकदा.

याची दुसरी बाजूही ऐक. २०२१ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वीडनपासून आपल्या शेजारच्या बांगलादेशापर्यंत आठ देशांतले अडीच हजारांवर रुग्ण, बहुतेक सगळे नुकताच अटॅक येऊन गेलेले. निम्म्यांना दवाखान्यातच फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं. वर्षभर लक्ष ठेवलं. मृत्यू, पुन्हा अटॅक, स्टेंटमध्ये गुठळी, हे सगळं मिळून लस घेतलेल्यांत २८ टक्क्यांनी कमी भरलं. एका सुईनं! त्या अँजिओप्लास्टीला किती खर्च आला ते काकांना विचार.

आणि इथे मला राग येतो, तुझ्यावर नव्हे. तुला घरी सोडलं तेव्हाची फाइल मी पुन्हा पुन्हा वाचलीय. गोळ्यांची लांबलचक यादी आहे, मीठ कमी, तेल कमी, जिना सावकाश, सगळं आहे. लशीचा एका ओळीनंही उल्लेख नाही. डॉक्टर चांगले होते, कामाच्या गर्दीत राहून गेलं असेल. पण जवळपास सगळीकडे असंच राहून जातं. आपल्याकडे लस म्हणजे लहान मुलांची गोष्ट. बाळ जन्मलं की कार्ड मिळतं, तारखा पडतात, चुकली तर कुणीतरी दारात येतं. साठीच्या पुढच्या माणसाला ना कार्ड ना तारीख, फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीतही नाही. सबंध पंचक्रोशीत लोकांच्या दारात तू गेलीस. तुझ्या दारात यायला तू नाहीस, हीच अडचण आहे.

आठवतंय, मला पल्स पोलिओला बरोबर न्यायचीस ते? माझ्या हातात खडू असायचा. डोस झालेल्या घरावर एक खूण, आणि पोर चुकलं किंवा घरच्यांनी नाही म्हटलं की फुली. त्या मळ्यातल्या घराचे आजोबा काठी घेऊनच बाहेर आले होते. "आमच्या नातवाला काही पाजायचं नाही." मी घाबरून फुली मारून मोकळी झाले. तू काय केलंस? संध्याकाळी परत गेलीस, पडवीत फतकल मारून बसलीस, चहा मागितलास. त्यांच्या गाईला पान्हा फुटत नव्हता, त्यावर अर्धा तास बोललीस. पोलिओचा शब्द काढला नाहीस. निघताना नुसतं म्हणालीस, "दादा, पोरगं माझ्याकडे द्या जरा." दोन थेंब पाजलेस, त्याच्या डाव्या करंगळीला शाई लावलीस आणि मला म्हणालीस, पूस ती फुली. २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा दिल्लीत कुणाकुणाचे सत्कार झाले असतील. मला त्या पडवीतला चहा आठवला होता.

सध्या फुली तुझ्याच दारावर आहे, नर्सबाई.

तुला भीती कसली वाटते ते मला माहीत आहे. तुझ्या जाऊबाईंनी लस घेतली आणि चौथ्या दिवशी त्या सर्दी-खोकल्यानं झोपल्या. "लशीनंच फ्लू झाला," हे तेव्हापासून तुमच्या आळीत ठरून गेलंय. अगं, दंडात देतात ती लस मेलेल्या विषाणूची, किंवा त्याच्या तुकड्यांची. तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखेल, अंग मोडून येईल, एखादा दिवस कणकण राहील. आणि अंगात प्रतिकार तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्याआधी गाठलं तर गाठलं. सर्दीचे दुसरे विषाणू तर दोनशेच्या वर आहेत, त्यांच्याशी या लशीचं काही देणंघेणं नाही. "ताप आला म्हणजे लस लागू पडतेय, घाबरू नका," असं तू आयांना आधीच सांगून ठेवायचीस. मी तुझंच वाक्य तुला परत देतेय.

तू कधी कुणाला खोटी आशा दाखवली नाहीस, म्हणून मीही दाखवत नाही. ही काही देवीच्या लशीसारखी पक्की नव्हे. विषाणू आणि लस यांची जोडी चांगली जमली त्या वर्षी दवाखाना गाठायला लावणारा फ्लू साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी टळतो. नाही जमली तर त्याहून कमी. म्हाताऱ्या अंगात तिचा जोरही थोडा कमीच असतो. पण लस घेऊनही फ्लू झालाच तर तो बहुधा अतिदक्षता विभागापर्यंत नेत नाही. आपल्याला तेवढंच हवंय ना? आठवडाभर अंथरूण चालेल. व्हेंटिलेटर नको.

काका, ऐकताय ना? बिडी सोडलीत, फार मोठी गोष्ट केलीत, पण छातीनं अजून माफ केलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात तुम्ही तीन पायऱ्या चढून ओट्यावर बसलात, पंप ओढलात आणि तरी दोन मिनिटं बोलता येईना. अशा फुप्फुसात फ्लू शिरला की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. तुम्हाला न्यूमोनियाची वेगळी लसही हवी, ती डॉक्टरांना विचारूच. आणि तुम्ही दोघं एकाच खोलीत झोपता. एकानं घेऊन भागणार नाही.

आता कामाचं. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा थोडा. श्रीनगरकडे तो हिवाळ्यात. म्हणून आपण मृगाच्या आधी घ्यायची. खोक्यावर दक्षिण गोलार्ध आणि यंदाचं साल आहे का ते बघायचं. शासनानं २०१५ साली गरोदर बायका, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. तुझ्या जुन्या प्राथमिक आरोग्य केंद्रात यंदा साठा आहे का, ते तूच विचार. तुला कोण नाही म्हणणार? नसेल तर खासगीत दीड-दोन हजार पडतील, ते मी देणार आणि त्यावर वाद नको. वाद घालायचाच असेल तर त्या दिवशी जेवण तू वाढ.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. फाइल बाहेर काढून ठेव. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे देणाऱ्या सिस्टरला आधी सांगायचं, आणि सुई काढल्यावर तिथं चोळायचं नाही, दोन मिनिटं नुसतं घट्ट दाबून धरायचं. त्या दिवशी अंगात ताप असेल तर पुढे ढकलू. नंतर अर्धा तास तिथंच बसायचं, हे मी तुला शिकवायला नको.

दवाखाना मी पाहून ठेवलाय, पण तुझी खात्री होईपर्यंत दंड पुढे करू नकोस. लशीचा फ्रीज उघडायला लाव, थर्मामीटर दोन ते आठच्या मधे आहे का बघ. आत कुणी दह्याचं भांडं किंवा प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या असतील तर त्या डॉक्टरांना तू जे काय ऐकवशील ते मलाही ऐकायचंय. नाहीच पटलं तर तिथून उठू आणि साताऱ्याला जाऊ, गाडी दिवसभरासाठी सांगितलीय.

तुझी,
खडूवाली भाची